कस्टम रॉम टाकली आणि फोन लोगोवरच अडकला : आधी काय तपासायचं, कुठे थांबायचं

इंदुरात राजेंद्रनगर, सुदामानगर, रामबाग या भागांतल्या ओळखीच्या घरांतून माझ्याकडे जे फोन येतात, त्यांतल्या बहुतेकांची तक्रार एकच असते. जुना फोन मंद झाला, कंपनीचे अपडेट थांबले, घरातल्या कॉलेजच्या मुलाने लिनिएजओएस किंवा तशीच दुसरी कस्टम रॉम, म्हणजे कंपनीची नसलेली अँड्रॉइड सिस्टम, टाकायला घेतली, आणि आता फोन लोगोच्या पुढे सरकत नाही. सोबत आलेल्या काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गेला का रे फोन?"

स्क्रीनवर काहीही उजळत असेल, तर फोन गेलेला नाही. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सर्वांत आधी जागा होणारा प्रोग्राम, शाबूत असल्याशिवाय लोगोसुद्धा दिसत नाही, आणि बूटलोडर शाबूत असेल तर परतीचा रस्ता बहुतेक वेळा उघडा असतो. खरं नुकसान होतं ते त्यानंतर. घाबरून दुसरी फाइल, मग तिसरी, मग कुणीतरी सांगितलेली, मेलेला फोन जिवंत करणारी म्हणून, "अनब्रिक" फाइल टाकली जाते आणि साधा अडकलेला फोन खरोखर मरतो. फोन कुठल्या टप्प्यावर अडकला आहे हे कळेपर्यंत त्यात नवीन काहीही टाकू नका. हे एवढं पाळलंत तरी अर्धं काम झालं.

लक्षणं

तुमच्या फोनची अवस्था यांपैकी कुठली, ते आधी ठरवा.

- कंपनीचा लोगो येतो, काही सेकंदांनी स्क्रीन काळी होते, पुन्हा लोगो. हे चक्र थांबत नाही.
- लोगो जातो, नव्या रॉमचं हलतं चित्र सुरू होतं, पण ते संपतच नाही.
- फोन दर वेळी थेट रिकव्हरीत (दुरुस्तीच्या आणि फाइल टाकायच्या छोट्या मेनूत) उघडतो.
- फोन आपोआप फास्टबूटमध्ये (कॉम्प्युटरवरून आज्ञा घेणाऱ्या बूटलोडरच्या मोडमध्ये) जाऊन बसतो.
- रिकव्हरीत फाइल टाकताना "एरर 7" किंवा "सिग्नेचर व्हेरिफिकेशन फेल्ड" येतं.
- फोन फास्टबूटमध्ये आहे, पण कॉम्प्युटरवर "वेटिंग फॉर एनी डिव्हाइस" एवढंच दिसतं.
- फोन सुरू होतो, पण सेटअप विझार्ड पुन्हा पुन्हा बंद पडतो, किंवा सिमचं नेटवर्क येत नाही.
- स्क्रीन पूर्ण काळी, थरथर नाही, चार्जिंगचं चिन्ह नाही.

बूटलोडर अनलॉक आहे असा पिवळा-नारिंगी इशारा सुरू होताना दिसत असेल, तर तो बिघाड नाही. अनलॉक केलेल्या फोनवर तो दिसणारच. तो घालवण्यासाठी बूटलोडर पुन्हा लॉक करण्याच्या फंदात पडू नका. कस्टम रॉम असताना लॉक केलं की बूटलोडर त्या रॉमची सही तपासतो, ओळखत नाही, आणि फोन सुरू करायला नकार देतो.

कुठलं चित्र कोण दाखवतं

तपासणीला लागण्याआधी एवढं समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. पॉवर बटण दाबल्यावर आधी बूटलोडर जागा होतो, आणि कंपनीचा लोगो तो दाखवतो. मग तो बूट इमेज या फाइलमधला कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, चालू करतो. कर्नल सिस्टम जोडून घेतो, अँड्रॉइड उभं राहायला लागतं, आणि रॉमचं हलतं चित्र त्यानंतर येतं. शेवटी डेटा विभाग (तुमची ॲप्स आणि फोटो असलेला भाग) उघडला जातो आणि लॉक स्क्रीन दिसते.

म्हणून हलतं चित्र दिसत असेल, तर बूटलोडर आणि कर्नल दोघंही ठीक आहेत. घोटाळा बहुधा जुन्या डेटात किंवा गुगल ॲप्सच्या पॅकेजमध्ये असतो. फक्त कंपनीचा लोगो येऊन फोन परत फिरत असेल, तर चुकीची फाइल, जुनं फर्मवेअर (फोनच्या भागांचं कंपनीचं सॉफ्टवेअर) किंवा व्हेरिफाइड बूट (सुरू होताना सह्या तपासणारी यंत्रणा) यांच्यावर संशय घ्या. आपोआप फास्टबूट उघडत असेल, तर बूटलोडरला चालू करण्यासारखी बूट इमेजच सापडलेली नाही किंवा त्याने ती नाकारली आहे. समोर बसलेल्याला मी आधी हेच विचारतो, "नेमकं शेवटचं चित्र कुठलं दिसतं?"

फुकटच्या तपासण्या

पहिली, वाट बघणं. नवी रॉम पहिल्यांदा सुरू होताना ॲप्स तयार करते, डेटा विभाग बांधते, आणि त्याला नेहमीपेक्षा बराच वेळ लागतो. दहा मिनिटं हलतं चित्र दिसलं तरी घाबरायचं कारण नाही. पंधरा-वीस मिनिटं उलटली आणि फोन नुसता गरम होतोय, तर मात्र अडकला म्हणायचा.

दुसरी, बॅटरी. अडकलेला फोन रात्रभर लोगो दाखवत पडला असेल तर बॅटरी तळाला गेलेली असते, आणि कमी बॅटरीवर फ्लॅश करताना, म्हणजे फाइल टाकताना, तो मध्येच बंद पडला तर नवीच अडचण उभी राहते. निदान अर्धी चार्ज झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. फोन बंदच होत नसेल तर पॉवर बटण वीसेक सेकंद दाबून धरा.

तिसरी, रिकव्हरी आणि फास्टबूट उघडतात का ते बघणं. बटणं प्रत्येक कंपनीची वेगळी. शाओमीत आवाज वाढवायचं बटण आणि पॉवर धरलं की रिकव्हरी, आवाज कमी आणि पॉवर धरलं की फास्टबूट. वनप्लसच्या अनेक फोनांत हे नेमकं उलटं आहे. पिक्सेल आणि मोटोरोलात आवाज कमी आणि पॉवर धरलं की फास्टबूट. सॅमसंगमध्ये फास्टबूट नसतंच, तिथे डाउनलोड मोड असतो आणि कॉम्प्युटरवर ओडिन हा प्रोग्राम लागतो. दोन्हींपैकी एक जरी उघडलं, तरी पुढच्या जवळजवळ सगळ्या पायऱ्या घरी करता येतात.

केबल, पोर्ट, ड्रायव्हर

फोन फास्टबूटमध्ये आहे आणि कॉम्प्युटरला दिसत नाही, म्हणजे फोन बिघडला असं लोक धरून चालतात. दोष बहुतेक वेळा केबलचा असतो. जेल रोडवर मिळणाऱ्या स्वस्त केबलींपैकी पुष्कळ नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतातच. फोनसोबत आलेली केबल शोधा. नसेल तर विकत घेताना दुकानातच फोन लॅपटॉपला लावून फोटो कॉपी होतात का ते बघून घ्या.

मग पोर्ट. नव्या लॅपटॉपच्या यूएसबी 3 पोर्टवर काही फोन, विशेषतः शाओमीचे, फास्टबूटमध्ये मध्येच तुटतात. यूएसबी 2 चं पोर्ट असेल तर तिथे लावा. नसेल तर साधा यूएसबी 2 हब मध्ये घाला. ही युक्ती इतक्या वेळा कामी आली आहे की माझ्या पिशवीत हब कायम असतो.

विंडोजवर डिव्हाइस मॅनेजर उघडा. फोनच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह असेल तर ड्रायव्हर बसलेला नाही. गुगलचा यूएसबी ड्रायव्हर टाका आणि यादीतून "अँड्रॉइड बूटलोडर इंटरफेस" निवडा. एडीबी आणि फास्टबूट हे फोनला आज्ञा देणारे दोन्ही प्रोग्राम गुगलच्या प्लॅटफॉर्म टूल्समधून घ्या. कुठूनतरी मिळालेल्या जुन्या "मिनिमल" पॅकेजला नव्या फोनांची विभागरचना कळत नाही. आता कमांड प्रॉम्प्टमध्ये "फास्टबूट डिव्हायसेस" ही आज्ञा द्या (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत : fastboot devices). आकडे-अक्षरांची एक ओळ आली की जोडणी झाली.

डेस्कटॉपवर हे काम करू नका. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि फ्लॅश अर्ध्यात तुटणं हे चुकीच्या फाइलइतकंच घातक. बॅटरी भरलेला लॅपटॉप घ्या.

डेटा फॉरमॅट

हलत्या चित्रावर अडकलेल्या फोनांत सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण हेच. कंपनीच्या सिस्टमने डेटा विभाग एन्क्रिप्ट केलेला असतो. नवी रॉम आली तरी जुना विभाग तसाच राहिला, तर नव्या सिस्टमकडे त्याची किल्ली नसते. घराचे मालक बदलले, पण कपाट जुन्याच मालकाच्या कुलपात, असा तो प्रकार. अँड्रॉइड तिथे अडकून राहतं किंवा फोन परत रिकव्हरीत जातो.

इथे नवशिके एका जागी हमखास घसरतात. टीडब्ल्यूआरपी रिकव्हरीत "वाइप"मध्ये नुसतं सरकवून केलेला फॅक्टरी रीसेट अंतर्गत स्टोरेज राखून ठेवतो आणि एन्क्रिप्शन तसंच राहतं. त्याच पानावर "फॉरमॅट डेटा" असं वेगळं बटण असतं, त्यात "यस" असा शब्द टाइप करावा लागतो. हवं ते हे. लिनिएजच्या रिकव्हरीत "फॅक्टरी रीसेट"मध्ये जाऊन "फॉरमॅट डेटा" निवडायचं.

यात फोटो, व्हॉट्सॲप, सगळं जातं. खरं तर बूटलोडर अनलॉक करतानाच ते गेलेलं असतं, पण मधल्या दिवसांत नवीन काही साठलं असेल तर आधी केबलने काढून घ्या. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. एन्क्रिप्ट केलेला डेटा फॉरमॅट झाल्यावर कुणीही परत आणू शकत नाही. "रिकव्हर कर देंगे भिया" असं म्हणून कुणी आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका.

फाइल याच फोनची आहे ना?

आता फाइलकडे. दुकानात ज्या नावाने फोन विकला जातो त्या नावावर रॉम शोधायची नाही, कोडनेमवर, म्हणजे फोनच्या आतल्या तांत्रिक नावावर, शोधायची. याचं सर्वांत चांगलं उदाहरण रेडमी नोट 5. भारतात 2018 मध्ये या नावाने विकला गेलेला फोन आतून "विन्स". तोच बाहेरच्या देशांत रेडमी 5 प्लस म्हणून गेला. आणि बाहेर ज्याला रेडमी नोट 5 म्हणतात तो "व्हायरेड", म्हणजे आपल्याकडचा नोट 5 प्रो. एकात स्नॅपड्रॅगन 625, दुसऱ्यात 636. रेडमी नोट 4 चंही तसंच. एक मीडियाटेकचा "निकेल", एक स्नॅपड्रॅगनचा "मिडो", आणि डब्यावर नाव एकच.

सुदामानगरचा एक मुलगा असाच विन्स घेऊन आला होता. त्याने व्हायरेडची फाइल उतरवली होती. रिकव्हरीने ती नाकारली, एरर 7 दाखवला, आणि वरच्या ओळीत "हे पॅकेज अमुक फोनसाठी आहे, हा फोन तमुक आहे" असं दोन्ही नावांसकट लिहूनही दिलं. कुणीतरी त्याला सांगितलं की झिपमधल्या स्क्रिप्टमधून तपासणीची ओळ काढून टाक, मग फाइल जाते. त्याने काढली, फाइल गेली, फोन अडकला. बूटलोडर आणि रिकव्हरी त्या फाइलने बदलली नव्हती म्हणून विन्सची बरोबर रॉम टाकून डेटा फॉरमॅट केल्यावर फोन उभा राहिला. त्या झिपमध्ये बूटलोडर किंवा फर्मवेअर असतं, तर तो टेबलावरून उठलाच नसता. एरर 7 कडे अडथळा म्हणून बघू नका. वरची ओळ वाचा. तिथली दोन नावं वेगळी असतील तर फाइल बदला, स्क्रिप्टला हात लावू नका. नावं जुळत असूनही एरर येत असेल तर बहुधा रिकव्हरी जुनी असते किंवा फर्मवेअर.

कोडनेम खात्रीने हवं असेल तर फास्टबूटमध्ये "फास्टबूट गेटव्हार प्रॉडक्ट" (fastboot getvar product) विचारा. फोन स्वतःच सांगतो.

फाइल पूर्ण उतरली आहे का, हेही याच वेळी बघा. रॉमच्या पानावर एसएचए-256 ची, म्हणजे फाइलच्या ठशाची, लांब ओळ दिलेली असते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये "सर्टयूटिल -हॅशफाइल" (certutil -hashfile), फाइलचं नाव आणि "एसएचए256" (SHA256) लिहिलं की तुमच्या फाइलची ओळ मिळते. दोन्ही जुळल्या पाहिजेत. मोबाइल हॉटस्पॉटवर उतरवलेल्या मोठ्या फाइलींत ही तपासणी सोडू नका.

क्रम चुकला का

गुगल ॲप्स (प्ले स्टोअर वगैरे) हव्या असतील तर त्या रॉमनंतर लगेच, फोन पहिल्यांदा सुरू होण्याच्या आधी टाकाव्या लागतात. फोन एकदा चालू करून, मग आठवण झाली म्हणून ॲप्स टाकल्या, की सेटअप विझार्ड कोसळत राहतो. उपाय एकच : डेटा फॉरमॅट, रॉम, ॲप्स, मग सुरू. पॅकेजही त्याच अँड्रॉइड आवृत्तीचं आणि त्याच प्रोसेसरप्रकाराचं हवं. आजच्या बहुतेक फोनांना एआरएम64 लागतं.

ए/बी पद्धतीच्या फोनांत, म्हणजे ज्यांत सिस्टमच्या दोन जागा असतात, आणखी एक पायरी आहे. रॉम नेहमी रिकाम्या जागेत जाते. ती टाकल्यावर रिकव्हरी एकदा पुन्हा सुरू करायची, म्हणजे ती नव्या जागेत पोचते, आणि मगच ॲप्स टाकायच्या. ही पायरी गाळली तर ॲप्स जुन्या जागेत पडतात आणि नव्या सिस्टममध्ये प्ले स्टोअर सापडतच नाही.

लिनिएजच्या रिकव्हरीत ॲप्स टाकताना "सिग्नेचर व्हेरिफिकेशन फेल्ड" आलं तर ते अपेक्षित आहे, कारण ते पॅकेज लिनिएजने सही केलेलं नसतं. पुढे जायला हो म्हणा. आणि साइडलोड करताना, म्हणजे कॉम्प्युटरवरून केबलने रिकव्हरीत फाइल पाठवताना, कॉम्प्युटरवरचा आकडा 47 टक्क्यांवर थांबला म्हणून केबल ओढू नका. काही फोनांत काम यशस्वी होऊनही आकडा तिथेच थांबतो. फोनच्या स्क्रीनवर काय लिहिलंय ते ग्राह्य धरा.

फर्मवेअर आणि व्हेरिफाइड बूट

इथून पुढे काम नाजूक होतं. कस्टम रॉम सहसा मोडेम (नेटवर्कचा), ट्रस्टझोन (सुरक्षेचा), बूटलोडर हे फर्मवेअरचे भाग सोबत आणत नाही, कंपनीचे आधीचे वापरते. म्हणून रॉमच्या पानावर लिहिलेलं असतं की आधी कंपनीची अमुक अँड्रॉइड आवृत्ती फोनवर हवी. ती ओळ न वाचता जुनं फर्मवेअर असलेल्या फोनवर नवी रॉम टाकली की लोगोवर अडकणं, सिम न दिसणं, वायफाय सुरू न होणं, फिंगरप्रिंट बंद, यांतलं काहीही घडतं. फर्मवेअर तुमच्याच कोडनेमचं आणि त्या पानाने सांगितलेल्याच आवृत्तीचं घ्या. ए/बी फोनांत ते दोन्ही जागांत सारखं असावं लागतं. लिनिएज काही फोनांसाठी रॉमआधी "कॉपी पार्टिशन्स" नावाची छोटी झिप टाकायला सांगते ती यासाठीच.

जुन्या फर्मवेअरकडे खाली उतरू मात्र नका. शाओमीने 2018 पासून अनेक फोनांत अँटी-रोलबॅक आणलं आहे. त्यात ठरावीक पातळीच्या खालचं फर्मवेअर टाकलं की फोन थेट काळा पडतो. "फास्टबूट गेटव्हार अँटी" (fastboot getvar anti) विचारलं की पातळीचा आकडा येतो.

व्हीबीमेटा हा विभाग बाकीच्या विभागांच्या सह्या तपासतो. काही फोनांत तो मोकळा केल्याशिवाय कस्टम बूट इमेज चालत नाही. तुमच्या फोनच्या सूचनांत ती पायरी असेल तरच करा, दुसऱ्या फोनसाठी लिहिलेली आज्ञा उचलू नका. "दुसऱ्या स्लॉटवर (म्हणजे ए/बीतल्या दुसऱ्या जागेवर) जा" हा सल्लाही असाच. अँड्रॉइड 11 नंतरच्या बऱ्याच फोनांत दुसऱ्या जागेत पूर्ण सिस्टम उरलेलीच नसते.

कंपनीच्या सिस्टमवर परतणं

वरचं सगळं करून फोन उभा राहिला नाही, पण फास्टबूट उघडतंय, तर कंपनीची मूळ फास्टबूट रॉम टाका. शाओमीचं मी-फ्लॅश वापरत असाल तर बटण दाबण्याआधी खिडकीच्या खालच्या कडेला बघा. तिथे "क्लीन ऑल अँड लॉक" आधीच निवडलेलं असतं. ते बदलून "क्लीन ऑल" करा. चीनसाठी बनलेल्या फोनवर जागतिक रॉम टाकून लॉक केलं तर "ही आवृत्ती या फोनवर चालत नाही" असा संदेश येतो आणि तिथून परतणं फार कठीण जातं.

फोन चालू झाल्यावर लगेच *#06# दाबून आयएमईआय डब्यावरच्या आकड्याशी जुळवा, कॉल लावून बघा. बँकेची ॲप्स किंवा यूपीआय कस्टम रॉमवर नकार देत असतील तर तो फोनचा बिघाड नाही. अनलॉक बूटलोडर गुगलच्या तपासणीत पकडला जातो. आजोबांची पेन्शन आणि यूपीआय ज्या फोनवर चालतं, त्या फोनवर हा प्रयोग करूच नये, असं माझं ठाम मत आहे.

इथे थांबा

स्क्रीन पूर्ण काळी, बटणांना प्रतिसाद नाही, आणि कॉम्प्युटरला लावल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये "क्यूडीलोडर 9008" दिसतं : फोन क्वालकॉमच्या आपत्कालीन मोडमध्ये आहे. शाओमीच्या नव्या फोनांत इथे अधिकृत खातं असल्याशिवाय काही टाकता येत नाही, आणि काही फोनांत पाठ उघडून बोर्डवरचे टेस्ट पॉइंट जोडावे लागतात. घरी करायचं काम नव्हे ते. चिमट्याचं टोक जरा सरकलं तरी बोर्ड जातो.

आयएमईआय शून्य किंवा गायब झाला असेल तर तुमच्याच फोनचा आधी घेतलेला ईएफएस बॅकअप (आयएमईआय जिथे असतो त्या विभागाची प्रत) परत टाका. तो नसेल तर थांबा. दुसऱ्या फोनचा आकडा लिहून देणाऱ्या प्रोग्रामला हात लावू नका, आयएमईआयशी छेडछाड हा भारतात गुन्हा आहे. बॅटरी फुगून पाठ उचललेली दिसली, फोन कधी पाण्यात पडला असेल, किंवा चार्जिंगला लावताच हाताला चटका बसण्याइतका तापत असेल, तर प्रश्न सॉफ्टवेअरचा नाहीच. केबल काढा.

अशा वेळी आधी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात जा, आणि फोन अनलॉक केलेला आहे, कस्टम रॉम टाकली होती, हे स्वतःहून सांगा. वॉरंटी नाकारतील, पण पैसे घेऊन दुरुस्त करतील का, बोर्ड बदलावा लागेल का, हे तिथेच कळेल. जेल रोडवर बोर्डाचं काम करणारे चांगले कारागीर आहेत. त्यांच्याकडे जाताना कागदावर लिहून न्या : कोडनेम, शेवटची चालणारी आवृत्ती, टाकलेल्या फाइलींची पूर्ण नावं त्याच क्रमाने, आणि शेवटचं चित्र कुठलं दिसलं. फोन हातात देण्याआधी विचारा की तो समोर उघडणार का, आणि काम झालं नाही तर पैसे किती. कुणी काही न बघता "सॉफ्टवेअर मार देते हैं" म्हणालं तर फोन उचला आणि पुढच्या दुकानात जा.